दाखवलं तिथं सही

सही मंजुषाचीच होती. ती 'मं'वरचा अनुस्वार टिंबासारखा न देता चांगला वाटोळा काढायची. शाळेत गुरुजींनी त्यावरून दोनदा छडी दिली होती तरी सवय मोडली नव्हती. मुंबईच्या त्या गारठलेल्या खोलीत, डॉक्टरीणबाईंनी टेबलावर सरकवलेल्या कागदाच्या तळाशी तो वाटोळा अनुस्वार जसाच्या तसा होता.

"ही तुमचीच सही ना, ताई?" डॉक्टर शितल यांनी विचारलं.

"सही माझीच हाय," मंजुषा म्हणाली. "पण हा कागद माझा न्हाई."

तिने तो पुन्हा वाचला. 'आमच्या कुटुंबात थायरॉईडच्या एका दुर्मिळ कर्करोगाला कारणीभूत असलेला आनुवंशिक दोष आढळला आहे, ही माहिती मला माझ्या भावामार्फत मिळाली आहे. हा दोष माझ्यात व माझ्या अपत्यांत असू शकतो, हे मला समजले आहे. तूर्त तपासणी करून घेण्याची माझी इच्छा नाही.' त्याखाली तारीख होती. तारीख चार वर्षांपूर्वीची.

शेजारच्या खुर्चीत तिची लेक प्रतिक्षा बसली होती. वय सतरा, बारावीचं वर्ष. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली, कारण ओढणीखाली लिंबाएवढी गाठ होती आणि गाडीत लोक टक लावून बघत होते.

गाठ दिवाळीत दिसली. वसमतच्या डॉक्टरांनी गलगंड म्हणून गोळ्या दिल्या. पोराबाळांना बरं वाटावं म्हणून डॉक्टर जेवढं हसतात तेवढं हसले आणि पाठवून दिलं. दोन महिन्यांत गाठ वाढली तेव्हा मंजुषा आणि तिचा नवरा सोमेश्वर लेकीला घेऊन नांदेडला गेले. तिथल्या डॉक्टरांनी गाठीत सुई घातली, रिपोर्ट आला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा लाखांत एखाद्याला होणारा प्रकार आहे, तुमच्या घरात आणखी कुणाला झाला होता का, असं त्यांनी विचारलं. मंजुषाने सगळं सांगितलं. तिचे वडील सटवाजी गळा सुजून, आवाज बसून गेले. तेव्हा ती दहावीत होती आणि गावाने त्याला करणी म्हटलं होतं. वडिलांची बहीण जनकाबाई तशीच गेली. मोठा भाऊ बालाजी, त्याचं पाच वर्षांपूर्वी मुंबईला गळ्याचं ऑपरेशन झालं, तो मात्र वाचला. डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी लगेच मुंबईच्या या संशोधन संस्थेला चिठ्ठी लिहिली.

आणि इथे येऊन नाव सांगितलं, तर तिच्या नावाची फाईल आधीच तयार.

"ताई, आम्ही दहा वर्षं अशी कुटुंबं शोधतोय," शितल सांगत होत्या. "एकाच घरात हा आजार पुन्हा पुन्हा दिसला की आम्ही रक्त तपासतो. एका जनुकात बिघाड असतो. तो आईबापाकडून लेकरांत उतरतो. प्रत्येक लेकरामागे निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. पण आम्ही नातेवाइकांना परस्पर फोन करू शकत नाही. ज्याची तपासणी झाली त्यानंच घरच्यांना सांगायचं, असा नियम आहे. आम्ही घरच्यांसाठी त्याच्याकडे पत्र देतो आणि उत्तर येईपर्यंत त्याला विचारत राहतो. नको असेल तर नकाराचा फॉर्म असतो. तो सही होऊन आला की आम्ही गप्प बसतो."

नियम काही वाईट नाही. माणसाचा आजार गावभर होऊ नये म्हणून केलेला आहे. फक्त तो करणाऱ्या शहाण्यांनी आमच्याकडची बहीण आणि आमच्याकडचा भाऊ पाहिले नव्हते.

"चार वर्षांमागं आलो असतो तर?" मंजुषाने विचारलं.

शितल यांनी चष्मा काढला. मग खरं ते सांगितलं. "तेव्हा बहुतेक गाठ झालेलीच नसती. आम्ही ग्रंथी काढून टाकली असती. रोज सकाळी एक गोळी, बस्स. आता गळ्यातल्या बाकीच्या गाठींतही पसरलंय. ऑपरेशन करू, मोठं आहे. पण सगळं निघेलच असं मी म्हणणार नाही." आणि थोड्या वेळाने, "मी एक फोन करायला हवा होता. नियम बाजूला ठेवून."

प्रतिक्षाने हे सगळं ऐकलं. ती रडली नाही. आईकडे वळून एवढंच म्हणाली, "आई, तू न वाचता सही केलीस?"

कुरुंद्याच्या महिला बचत गटाची सचिव मंजुषा. बँकेचा कागद आला की गल्लीतल्या बाया आधी तिच्याकडे धावायच्या. ती ओळ न् ओळ वाचून दाखवायची आणि वर दम भरायची, "वाचल्याबिगर अंगठा लावला तं माझ्याकडं रडत यायचं न्हाई!" तिच्या पोटच्या पोरीने तो दम शंभरदा ऐकला होता.

परतीच्या रेल्वेत प्रतिक्षा खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि ती सही कुठे केली ते मंजुषाला आठवलं.

महाशिवरात्र होऊन गेली होती. दादा स्वतः कुरुंद्याला आला. दोन दिवस राहिला, जेवताना म्हणाला, "मंजू, ते हक्कसोडीचं करून टाकू यंदा." बापाच्या आठ एकरांत कायद्याने बहिणीचाही वाटा. आमच्याकडे रीत अशी की बहिणीने तो सोडायचा, लेखी सोडायचा आणि हसत सोडायचा. जिने मागितला तिचं माहेर संपलं. मंजुषाने कधी मागण्याचा विचारही केला नव्हता. उलट तिला आनंदच होता की दादासाठी करण्यासारखं तिच्या हातात काहीतरी आहे.

सेनगावच्या रजिस्ट्री ऑफिससमोर लिंबाखाली मोटारसायकल उभी होती. तिच्या सीटवर दादाने कागदांची चळत ठेवली. "इथं कर. इथं. आन् हे खाली, इथं." ती करत गेली. एक कागद निराळा होता. स्टॅम्प नव्हता, वर कसलंसं चिन्ह होतं. तिला तो दिसला. "दादा, हा काहून येगळा दिसून राहिला?" तिने विचारलंसुद्धा. दादा म्हणाला, "ऑफिसातलं काहीबाही ऱ्हाते. कर सही, साहेब जेवायला चालला."

तिने केली. वाचायला किती वेळ लागला असता? पाच ओळी होत्या. पण थोरला भाऊ बोट ठेवून उभा आहे आणि धाकट्या बहिणीने कागद उचलून वाचायला घ्यायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. बँकेवर संशय घेता येतो, सरकारवर तर घ्यावाच. भावावर घ्यायचा तो कोणत्या तोंडाने? मग दादाने तिला भजी खाऊ घातली, दुकानात नेऊन मोरपंखी साडी घेतली. ती साडी नेसून तिने त्यानंतर चार भाऊबीजा त्याला ओवाळलं. चारही वेळा त्याने ताटात नोट टाकली आणि डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला सगळं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने लेकीला सोमेश्वरजवळ ठेवलं आणि एकटीच माहेरी निघाली. वसमतहून औंढा, औंढ्याहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, तिथून जीपने. सोमेश्वरला सांगितलं, ऑपरेशनआधी दादाला भेटून येते. खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. नवऱ्याला माहेरचं असलं कोणत्या बाईला सांगता येतं?

अंगणात तिची म्हातारी आई मंजुळाबाई तूर पाखडत होती. भाचा वैजनाथ, विशीतला, विहिरीवरची मोटार दुरुस्त करत बसला होता. बालाजी ओसरीवर होता. बहिणीला बघून उठला. "अगं, फोन तं करायचा! पोरगी कशी हाय?"

"दादा, त्या कागदावर माझी सही कशी आली?"

कोणता कागद, हे बालाजीने विचारलं नाही. तो परत खाली बसला. मंजुषा सगळ्या वाटभर देवाला विनवत आली होती की दादाने विचारावं, 'कोणता कागद?' कुणीतरी त्यालाही फसवलेलं निघावं. तेवढीही आशा त्याने ठेवली नाही.

"बस तर. पाणी पे," तो म्हणाला.

"पाणी नको. सांग."

"सुकन्याची सोयरीक चालू व्हती तवा," बालाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

सुकन्या ही त्याची लेक. चार वर्षांपूर्वी ती कुरुंद्यात दिली, सोमेश्वरच्याच चुलतभावाच्या घरात, आणि सोयरीक जुळवली होती मंजुषाने. नवरदेवाच्या आईने विचारलं होतं, घराण्यात काही दुखणंखुपणं? मंजुषा ठसक्यात म्हणाली होती, "माझ्या माहेरची हमी माझी!"

"तुला सांगितलं असतं तं तू दाजीला सांगितलं असतं. दाजीनं भावकीला. मंग माझी पोरगी कोणी केली असती? आन् तुझं तरी काय, दाजीनं तुला इथं आणून घातलं असतं तं?"

"सुकन्याची तपासणी केली?"

"पोरीची कशी करावं? एकदा कागद झाला की झाकता येत न्हाई."

"आन् वैजनाथची?"

मोटारीपाशी बसलेल्या वैजनाथचा हात शर्टाच्या कॉलरकडे गेला. बोलली ती आई. सूप खाली ठेवून, डोळ्याला पदर लावत म्हणाली, "त्याचं झालं बाई आपरेशन. मुंबईलाच. बरा हाय आता. लोकायला टॉन्सिलचं म्हून सांगितलं."

टॉन्सिलचं! मंजुषाला ते आठ दिवस आठवले. दादा-वहिनी पोराला घेऊन मुंबईला गेले तेव्हा म्हातारी आई आणि सुकन्या घरात एकट्या पडू नयेत म्हणून तीच येऊन राहिली होती. प्रतिक्षा तेव्हा आठवीत. शाळा बुडवून आईसोबत आली होती. मामाच्या म्हशीला वैरण घालायची, आजीचे पाय चेपायची, आणि वैजनाथदादा आला तेव्हा त्याला थंड काहीतरी पाहिजे म्हणून सेनगावहून आइस्क्रीम घेऊन आली होती, निम्मं रस्त्यात वितळलेलं.

"माय, तुला ठाऊक व्हतं?"

"मी म्हटलं व्हतं त्याला, सांग म्हून," मंजुळाबाई पुटपुटली. "दोनदा म्हटलं. मला इथंच ऱ्हायचं हाय ना बाई. म्हातारपणी मी कोणाच्या दारात जाऊ?"

म्हणजे या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, वहिनीला, विशीतल्या पोराला. दर खेपेला येताना हळदीची पिशवी घेऊन येणारी, जाताना सगळ्यांच्या पाया पडणारी तीच एक येडी होती.

"माझं लेकरू तुझ्या म्हशीला चारा घालून राहिलं व्हतं, दादा," तिचा आवाज चढला, "आन् तू तुझ्या लेकराचा जीव वाचवून आणत व्हता! एकाच्या जागी दोन लेकरं न्हेली असती तं काय बिघडलं असतं तुझं? मी काय परकी व्हते, का वैरीण? बहीण ना मी तुझी? केसानं गळा कापला तू माझा."

बालाजी आता रडायला लागला होता. "मला वाटलं तुला नसंल. खरं सांगतो, नागनाथाची आण. समदे म्हणते ना, मंजू मायवर गेली. रंग मायचा, हाडपेर मायचं. मी बाबावर गेलो. नाक, चाल, खोकला बी बाबाचा. मंग रोग बी माझ्याच वाट्याला आला. तुला कुठून येईन, असं वाटलं."

हे तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. गावात कुणालाही विचारा, पोरगं ज्याच्या वळणावर जातं त्याचंच सगळं घेतं, गुण काय नि दुखणं काय. बालाजीने त्या समजुतीचा आधार धरला आणि निवांत झोपला.

"डॉक्टरीणबाईनं तुला समोर बसवून सांगितलं न्हाई, पोराला पोरीला बराबर येतं म्हून?"

"सांगितलं."

"पटलं न्हाई तुला?"

"वैजनाथसाठी पटलं," बालाजी म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून तोंडावर हात ठेवला.

मंजुषा जायला वळली. "जमिनीचा वाटा मी सोडला, दादा. हसत सोडला. ह्या रोगाचा वाटा सोडायला कोणत्या ऑफिसात जाऊ? दाखव बोट, करते सही."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो मागून धावत आला. त्याने तिचे पाय धरले. थोरल्या भावाने धाकट्या बहिणीचे पाय धरले. "मला पाहिजे तं मार. पण सुकन्याला सांगू नको. तिच्या घरात सांगू नको. सव्वा वर्षाचं लेकरू हाय तिच्या कडंवर. तिचा संसार मोडन."

तिने पाय सोडवून घेतला आणि चालू लागली. घरातून कुणी हाक मारली नाही.

कुरुंद्यात हळद शिजत होती. कढईतून वाफा निघत होत्या, सोमेश्वर ओल्या पोत्यांवर उभा राहून माणसांना काय काय सांगत होता. त्याला बाजूला घेऊन तिने सगळं सांगितलं, सहीसकट. सांगताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. दादाचं वाक्य डोक्यात होतं, 'दाजीनं तुला इथं आणून घातलं असतं तं?' वीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याचीच तिला त्या घटकेला भीती वाटली. दादाने तेवढंही तिच्यापासून हिरावून घेतलं होतं.

सोमेश्वरने बाजूला पडलेलं फावडं उचललं. मग म्हणाला, "एवढाच भरोसा व्हता व्हय माझा, तुमच्या घरात? मला सांगितलं असतं तं मी काय केलं असतं? लेकराला उचललं असतं, मुंबईला न्हेलं असतं. अजून काय करते बाप?" आणि हातातलं फावडं त्याने इतक्या जोरात फेकलं की गडी दचकून मागे सरकले. शिव्या त्याने मेहुण्याला दिल्या. बायकोला एकही दिली नाही.

राहिली सुकन्या. ती चार घरं सोडून राहायची. रोज संध्याकाळी बाळाला घेऊन आत्याकडे यायची, प्रतिक्षाच्या मांडीवर त्याला टाकून चहा ठेवायची. मंजुषा दोन दिवस तिच्याशी बोलू शकली नाही. खरं लपवायचं म्हणून नव्हे. सांगायची वेळ आली की तिच्या मनात एक आवाज यायचा: 'सांग, आता जळू दे त्याचं घर.' आणि त्या आवाजाची तिला लाज वाटायची. सुकन्याने तिचं काय वाईट केलं होतं? तिला वाचवायचं म्हणून सांगायचं, की बालाजीला रडवायचं म्हणून, हे तिचं तिलाच ठरवता येईना. शेवटी तिने ठरवलं की मन स्वच्छ होईपर्यंत थांबलं, तर आणखी चार वर्षं जातील. ती गेली आणि सुकन्याच्या नवऱ्यादेखत, सासूदेखत सांगून मोकळी झाली.

वडिलांनी वैजनाथचं केलं आणि आपलं केलं नाही, एवढंच सुकन्या तीन-चारदा विचारत राहिली. "भैय्याचं केलं, आत्या? खरंच केलं? मी तवा घरातच व्हते. मीच त्याचे कपडे भरून दिले व्हते." मग बाळाला छातीशी धरून ती हमसून रडली.

सासूने मंजुषाला सुनावलं, "माझ्या माहेरची हमी माझी, असं म्हटलं व्हतंस ना गं?" मंजुषाने मान खाली घालून ऐकून घेतलं. ते बोलणं तिच्या वाट्याचं नव्हतं, पण बोलणारी तरी कुठे चुकत होती? सासूने आठ दिवस अबोला धरला. संसार मात्र मोडला नाही. नवऱ्याने स्वतः सुकन्याला नांदेडला नेलं, तिचं रक्त मुंबईला गेलं.

प्रतिक्षाचं ऑपरेशन सात तास चाललं. गाठी आवाजाच्या नसेला चिकटल्या होत्या. त्या काढताना नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, दिसलं तेवढं सगळं काढलं. जे दिसत नाही त्यावर दर तीन महिन्यांनी नजर ठेवू. मंजुषाच्याही गळ्यात एक बारीक गाठ निघाली. तिचा नंबर पुढच्या महिन्यात होता. तिला स्वतःचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर प्रतिक्षा पहिल्यांदा बोलली तेव्हा मात्र तिने स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला. पोरीचा आवाज गेला होता. गावच्या गॅदरिंगमध्ये माईक न घेता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायची ती, आणि आता घशातून नुसती घरघर यायची.

पंधरा दिवसांनी बालाजी आला. न कळवता आला, हातात शहाळ्यांची पिशवी घेऊन. सोमेश्वर त्याला बघून उठला आणि मागच्या दाराने शेतात निघून गेला. मंजुषा त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसला. समोर खाटेवर प्रतिक्षा होती, गळ्यावर कानापासून कानापर्यंत पट्टी. पायाशी सुकन्या बाळाला घेऊन बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलंही नाही.

"कशी हाय माझी बाय?" बालाजीने भाचीला विचारलं. प्रतिक्षाने मान हलवली.

तेवढ्यात सुकन्याचा फोन वाजला. मुंबईचा नंबर. ती बाळाला मंजुषाच्या हातात देऊन उभी राहिली. "हां मॅडम... हां, बोला..." मग ती कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिली. मंजुषाने बाळाला घट्ट धरलं आणि मनापासून मागितलं, 'नको रे देवा, हिला नको.'

सुकन्याने फोन खाली केला. "न्हाई म्हणे, आत्या," तिला बोलता येईना. "माझ्यात न्हाई. म्हून बाळातही न्हाई. काहीच न्हाई."

मंजुषाने तिला जवळ ओढलं. तिला आनंद झाला, खराखुरा झाला, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिला बालाजी दिसला. तो दोन्ही हात जोडून औंढ्याच्या दिशेला डोकं टेकत होता. "नागनाथा, लाज राखली रे बाबा! माझी लेक वाचवली!" गालांवरून धारा वाहत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर एवढा उजेड तिने कधी पाहिला नव्हता. माणूस उठूनच उभा राहिला. "पेढे आणतो! थांबा, कुरुंद्यात ताजे भेटतेत, आत्ता आणतो."

मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर पट्टी बांधलेली पोर, आणि हा पेढे वाटायला निघाला.

"दादा," ती म्हणाली. "आज कळलं, पण तिच्यात न्हाई, हे आजचं न्हाई. चार वर्षांमागं बी नव्हतं. तिची सोयरीक चालली व्हती तवा बी नव्हतं."

बालाजी दारात थांबला.

"तवाच तिची तपासणी केली असती तं तू तो कागद तिच्या सासूच्या हातात दिला असता, मान वर करून. तुला काहीच झाकावं लागलं नसतं. माझं पत्र मला भेटलं असतं. तू जे झाकलं ना दादा, ते तिच्यात नव्हतंच. ते हिच्यात व्हतं."

बालाजीने सुकन्याकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो होता तिथेच, उंबऱ्यावर, खाली बसला. त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला आणि तो चोळामोळा होऊन पडून राहिला.

प्रतिक्षा उशीवरून थोडी उठली. बोलायला तिला त्रास व्हायचा, आणि एवढ्या हळू आवाजाला सगळ्यांनी श्वास धरून ऐकावं लागायचं.

"मामा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पेढे आणा ना. मला गिळता येत न्हाई. पण सुकन्याताईसाठी आणा."

बाळ मंजुषाच्या खांद्यावर झोपलं होतं. बालाजीने भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न केला. त्याला उठता आलं नाही, आणि त्याला हात द्यायला कुणी पुढे गेलं नाही.